पोस्टरखालची पांढरी पट्टी

आपल्या विभागाच्या जिन्यानं पहिल्या मजल्यावर गेलं की डाव्या हाताला, पाण्याच्या कूलरच्या वर, एक पोस्टर आहे. निळ्या रंगावर पिवळे ठिपके, ठिपक्यांच्या रांगोळीच्या कागदासारखे ओळीनं मांडलेले. पोस्टरच्या खालच्या बाजूला एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. पट्टीचा एक कोपरा सुटलाय आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तो उचलून आत काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न करतो. फर्स्ट इयरच्या एकानं तर मला गाठून विचारलं, "दादा, खाली शिवी लिहिलीय का?"

शिवी नाही. खाली लिहिलंय, 'अभ्रकाच्या पृष्ठभागावरील अणूंचे छायाचित्र'. आणि त्याच्याही खाली माझं नाव. ती पट्टी मीच चिकटवली आहे. का चिकटवली, हे मेसच्या रांगेत उभं राहून पंचवीस जणांना सांगून झालं. म्हटलं आता मॅगझिनमध्येच लिहून टाकावं, म्हणजे उरलेल्यांची सोय होईल.

गोष्ट खरं तर इस्त्रीपासून सुरू होते. आमच्या अण्णांचं तालुक्याच्या गावी दुकान आहे. पंखे, मिक्सर, इस्त्री, भिंतीवरची घड्याळं, जे बंद पडेल ते दुरुस्त करून मिळेल. काउंटरच्या खाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात अभ्रकाचे पत्रे आहेत. हल्ली इस्त्रीत घालायला मिळतो तो बारीक तुकडे चिकटवून दाबलेला अभ्रक, पण अण्णांच्या डब्यात जुन्या काळचे काही अख्खे पत्रे अजून आहेत. लहानपणी माझा उद्योग एकच, नखानं त्याचे पदर सोडवायचे. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, शेवटी इतका पातळ पदर निघायचा की फुंकरीनं उडायचा. यासाठी मार खाल्लाय. पण एक गोष्ट अण्णांनी तेव्हाच शिकवली होती. अभ्रक उष्णता सोसतो आणि करंट अडवतो. म्हणून तर तो इस्त्रीत कॉइल आणि लोखंड यांच्या मध्ये बसतो. तो नसता तर इस्त्री करणारा प्रत्येक माणूस नाचला असता!

त्यामुळे सुट्टीत मी जेव्हा घरी सांगितलं, की मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत दोन महिने राहणार आहे आणि अभ्रकाचे अणू बघणार आहे, तेव्हा अण्णांनी विचारलं, "कशानं बघणार?" मी ऐटीत सांगितलं की एक सुई असते, तिच्यातून करंट जातो वगैरे. अण्णा म्हणाले, "अभ्रकातून करंट जात नाही."

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा इतक्या कमी शब्दांत विकेट घेत नाहीत. मी जे सांगत होतो ते एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी तो १९८१ च्या सुमारास उभा केला. धातूची सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ आणायची की मधल्या रिकाम्या जागेतून इलेक्ट्रॉन पलीकडे झिरपतात. अंतर जरा वाढलं की करंट धाडकन कमी. तो करंट मोजत मोजत सुई फिरवली की पृष्ठभागाचे चढउतार अणू-अणूनं कळतात. १९८६ च्या नोबेलचा निम्मा वाटा या दोघांना मिळाला, उरलेला निम्मा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या रुस्का यांना. पण अण्णा म्हणाले तीच मेख. मीठ, अभ्रक, काच, नीलम, चिनी माती, जगातले निम्मे पदार्थ वीज वाहून नेत नाहीत. त्यांच्यापुढे एसटीएम आंधळा.

त्यावर तोड निघाली ती त्याच वर्षी, १९८६ मध्ये. बिनिग, क्वेट आणि गर्बर या तिघांनी करंट सोडून दिला आणि बल मोजायचं ठरवलं. सोन्याच्या पातळ पत्र्याची लवचीक लिव्हर, तिच्या टोकाला हिऱ्याचा कण. हा कण पृष्ठभागावरून फिरला की लिव्हर वाकते, आणि ती किती वाकली हे मोजायला तिच्या पाठीवर पुन्हा एसटीएमच! करंट लिव्हरच्या पाठीत, नमुन्यातून जायची गरजच नाही. पहिला नमुना त्यांनी मुद्दाम वीजरोधकच घेतला होता, अ‍ॅल्युमिनाचा. त्यात आडव्या दिशेनं साधारण ३ नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दिसला. अणू त्याच्या दहापट बारीक, म्हणजे अजून दिसले नव्हते. पण बल हे सगळ्यांनाच असतं, वीज वाहो न वाहो. याचं नाव अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, एएफएम.

मला संस्थेत मिळाला तो याचाच साधा, हवेत चालणारा नातेवाईक. सोन्याच्या जागी सिलिकॉन नायट्राइडची लिव्हर, एसटीएमच्या जागी लेसरचा ठिपका. दिवसा रस्त्यावरच्या बसेस, लिफ्ट आणि कॉरिडॉरमधले बूट या सगळ्यांचं छायाचित्र अगदी छान यायचं, फक्त अभ्रकाचं यायचं नाही. म्हणून मी आणि तिथं पीएच.डी. करणाऱ्या ताई रात्री बसायचो. एसी बंद, पंखा बंद, बोलणं बंद. मे महिना! घाम पुसायला हात उचलला तरी स्क्रीनवर ओरखडा उमटायचा.

अभ्रक तयार करायची रीत मात्र मला माझ्या बालपणाची फेड वाटली. सेलोटेप चिकटवायची आणि ओढायची. बस्स. एक पदर टेपबरोबर येतो आणि खाली उरतो तो कोरा पृष्ठभाग, कित्येक मायक्रॉनपर्यंत एका अणूचीही पायरी नसलेला. ज्या कामासाठी घरी मार खाल्ला त्याच कामासाठी इथं स्टायपेंड.

एकविसाव्या रात्री ठिपके दिसले. दहा नॅनोमीटर बाय दहा नॅनोमीटरचा चौकोन. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तिरके, थरथरणारे, मधे मधे रेघा मारल्यासारखे, पण ठिपके! ताईंनी आधी स्कॅनचा वेग बदलून बघितला. ठिपके जर पन्नास हर्ट्झच्या मेन्समधून आलेले असते तर त्यांचं अंतर बदललं असतं. बदललं नाही. मग चौकोन निम्मा केला, ठिपके दुप्पट मोठे झाले. अंतर मोजलं, ०.५२ नॅनोमीटरच्या आसपास. पुस्तकात अभ्रकाच्या जाळीचं हेच अंतर आहे. मी उडी मारली आणि स्क्रीनवरचं सगळं पुसलं गेलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "छान आहे. पण ही जाळी आहे हं, अणू नव्हेत. रिपोर्टात नीट लिही." मी हो म्हणालो. ऐकलं मात्र नाही. रात्रीचे तीन वाजले होते आणि मला काही ऐकायचंच नव्हतं.

हॉस्टेलवर परत आल्यावर चित्र पुन्हा उघडलं तर ते काही खास दिसेना. चुलत भावाला दाखवलं, तो म्हणाला, "टीव्हीचा अँटेना हललाय का?" मग सॉफ्टवेअरमध्ये एक बटण सापडलं. आपण सेकंड इयरला ज्याला शिव्या देतो त्या फुरिएसाहेबांचं ते बटण. चित्राचं रूपांतर केलं की मध्यभागी धूसर ढग आणि भोवती सहा टपोरे ठिपके येतात. हे सहा म्हणजे जाळी, बाकीचा म्हणजे कचरा. सहा ठेवले, कचरा पुसला, उलटं रूपांतर केलं. आणि काय सांगू! रांगोळीच! एकेक ठिपका टपोरा, एकसारखा, कुठं डाग नाही. निळा-पिवळा रंग दिला. खाली ते वाक्य टाकलं.

तेच सप्टेंबरच्या पोस्टर स्पर्धेत लावलं. परीक्षक मॅडम समोर उभ्या राहिल्या, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "कच्चा डेटा आहे का?" मी म्हणालो, "आहे ना मॅडम, लॅपटॉपमध्ये." लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता. मी तो काढला नाही. मॅडमच्या मागे रांग होती, त्या पुढे गेल्या. दुसरं बक्षीस मिळालं, दोन हजार रुपये रोख. त्याच संध्याकाळी अकरा जणांनी मिसळ खाऊन ते संपवले.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा एक लहान प्रिंट फ्रेम करून नेली होती. अण्णांनी ती काउंटरवर ठेवली आणि घड्याळ दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत बसले. गिऱ्हाईक ताटकळत होतं. मग म्हणाले, "सगळे एकसारखेच?"

"हो, क्रिस्टल असतं ते."

"अभ्रकाचा पत्रा असा नसतो रे. घेताना आम्ही उजेडात धरून बघतो. कुठं डाग, कुठं बुडबुडा, कुठं चीर. बिनडागाचा कधी आला नाही."

"अण्णा, हे फार लहान आहे. एवढ्याशा जागेत डाग कुठून येणार?"

"असेल," अण्णा म्हणाले, आणि फ्रेम लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावली.

ते 'असेल' माझ्याबरोबर एस.टी.त बसून हॉस्टेलपर्यंत आलं.

रूमवर आल्या रात्री मी एक प्रयोग केला. संगणकावर स्वतःच ठिपक्यांची एक खोटी जाळी काढली आणि मधला एक ठिपका पुसला. म्हणजे हा माझा बेपत्ता अणू. त्यावर थोडा गोंधळ टाकला आणि तेच बटण दाबलं. सहा ठिपके ठेवा, बाकी पुसा. चित्र आलं. भोक गायब! जिथं मी स्वतःच्या हातानं अणू काढून टाकला होता तिथं एक छान पिवळा ठिपका बसला होता. विचार केला तर उघड आहे. पूर्ण जाळीची माहिती त्या सहा ठिपक्यांत असते, आणि जे एकाच जागी आहे, पुन्हा कुठं नाही, त्याची माहिती सगळ्या ढगात पसरलेली असते. तो ढगच मी कचरा म्हणून फेकला होता. माझ्या पोस्टरमध्ये डाग दिसणं शक्यच नव्हतं, मग तो अभ्रकात असो वा नसो.

मग कच्चं चित्र उघडलं. निदान त्यात तरी कुठं एखादं भोक असेल! शेजारच्या रूममधल्यांना उठवून आम्ही चार जणांनी ठिपका-ठिपका तपासला. रेघा होत्या, सरकणं होतं, भोक नव्हतं. एकाच्या मते ही आनंदाची गोष्ट होती. मला आता ताईंचं वाक्य आठवत होतं. मी त्यांना मेल केली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. अंड्यांचे दोन ट्रे घे, एकावर एक ठेव आणि वरचा ओढ. मग खालच्यातला एक उंचवटा कापून टाक आणि पुन्हा ओढ.

गेटबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवरून पुठ्ठ्याचे दोन ट्रे आणले. एकावर एक ठेवले, खाचेत खाच बसली. वरचा ओढला की अडकतो, उडी मारतो, पुन्हा अडकतो. खट, खट, खट. एका उडीचं अंतर नेमकं एका घराएवढं. मग ब्लेडनं खालच्यातला एक उंचवटा कापला आणि पुन्हा ओढला. खट, खट, खट. काही फरक नाही! वरच्या ट्रेचे वीस-पंचवीस उंचवटे एकदम टेकलेले, त्यातला एक हवेत राहिला तर बाकीच्यांना काय पत्ता? पण तोच खालचा ट्रे घेऊन त्यावरून एकटी पेन्सिल फिरवली की भोक आलं रे आलं की पेन्सिल खाली जाते.

माझी सुई पेन्सिल नव्हती, ट्रे होती. हवेत आणि टेकवून चालवलेल्या एएफएमचं टोक कितीही तीक्ष्ण म्हटलं तरी दाबाखाली त्याचे बरेच अणू एकाच वेळी पृष्ठभागाला भिडतात. मिळतं ते जाळीचं अंतर. ते खरंच असतं, खोटं नाही. पण एक अणू वेगळा दिसलेला नसतो. यात मी एकटा नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. एएफएम निघाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत अभ्रक, ग्राफाइट, मीठ यांची अशीच गुळगुळीत, निर्दोष चित्रं जगभर छापून आली. मग लोकांच्या लक्षात आलं की सगळ्या चित्रांत एकच गोष्ट नाही, दोष. तेव्हापासून या विषयात दंडकच पडला, की अणू दिसले म्हणायचं असेल तर एखादा बेपत्ता अणू किंवा पायरीचा तुटका कोपरा दाखवा. दोष हा पुरावा! आमच्या जर्नल सबमिशनला हा नियम लावला तर मी डिस्टिंक्शनमध्ये येईन.

या अडचणीतून वाट कशी निघाली ते मी मग दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांत वाचून काढलं, आणि खरं सांगतो, सबमिशन बुडवून वाचलं. १९९३ मध्ये ओनेसॉर्ग आणि बिनिग यांनी पाण्याखाली, अगदी हलक्या बलानं, कॅल्साइटच्या पायरीचा कोपरा अणूपर्यंत स्पष्ट दाखवला. पण मोठा रस्ता निघाला तो सुई टेकवायचीच नाही या कल्पनेतून. लिव्हर स्वतःच्या ठराविक वारंवारतेनं, सेकंदाला हजारो वेळा, कंप पावत ठेवायची. टोक पृष्ठभागाजवळ आलं की शेवटच्या अणूला खालच्या अणूची ओढ लागते, आणि लिव्हरची वारंवारता किंचित उतरते. लाखभर हर्ट्झमध्ये काही मोजके हर्ट्झ. ही उतरण मोजायची रीत अल्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिली. १९९५ मध्ये गीसिब्ल यांनी तिच्यानं सिलिकॉनचे अणू वेगवेगळे दाखवले. पण सिलिकॉन काही अभ्रकासारखा करंट अडवणारा नव्हे, तो एसटीएमलाही दिसतो. १९९७ मध्ये बाझेलच्या गटानं साध्या मिठाच्या स्फटिकावर, निर्वात पेटीत, तेच केलं आणि त्यात अणूएवढे दोष दिसले. मीठ! आपल्या मेसच्या आमटीत असतं ते. कधी कधी फक्त तेच असतं.

वीजरोधकाचा आणखी एक त्रास आहे, आणि तो मला वाचताना एकदम पटला कारण तो मी सेलोटेप ओढताना अनुभवला होता. स्फटिक फोडला की दोन्ही तुकड्यांवर विद्युतभार अडकून बसतो. धातूत तो क्षणात वाहून जातो, इथं जायला वाटच नाही. त्या भाराची ओढ इतकी लांबवर पोचते की एका अणूची नाजूक ओढ तिच्यात बुडून जाते. मग स्फटिक तापवायचा, सुईला उलटा दाब द्यायचा, असे उपाय करावे लागतात. म्हणजे जो गुण इस्त्रीत आपला जीव वाचवतो तोच इथं जीव खातो.

आणि समजा इतकं करून ठिपके आलेच, तरी ते कोणाचे? मिठात सोडियम आणि क्लोरिन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून बसलेले. चित्रात मात्र एकाच रंगाची घरं चमकतात. सुईच्या टोकाला धन आयन असेल तर ऋण आयन चमकणार, टोक ऋण असेल तर उलट. आणि टोकाला काय आहे हे कोणाला ठाऊक? मिठाची दोन्ही जाळी सारखीच, त्यामुळे चित्र बघून ओळखताच येत नाही. हा गुंता सुटला तो २००१ मध्ये कॅल्शियम फ्लुओराइडवर. फॉस्टर, बार्थ, श्लुगर आणि राइशलिंग यांनी गणित आणि प्रयोग शेजारी ठेवून दाखवलं, की या स्फटिकात फ्लोरिनचे दोन थर वरखाली असल्यानं टोक धन असेल तर ठिपके त्रिकोणी दिसतात आणि ऋण असेल तर गोल. म्हणजे ठिपक्याचा आकार बघून सुईची जात कळते! मला ही सगळ्या विषयातली सगळ्यात हुशार युक्ती वाटते. कोणाला वाटणार नाही, पण लेख माझा आहे.

हे सगळं वाचून झालं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि पोस्टर कूलरच्या वर दिमाखात लटकत होतं. पाणी प्यायला मी दुसऱ्या मजल्यावर जायला लागलो होतो. रूम पार्टनरचं म्हणणं होतं, "कोण बघतंय? इथं सगळे पाणी प्यायला येतात, अणू मोजायला नाही." त्याचं खरंच होतं. पण मॅडमना मी लॅपटॉपबद्दल जे सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं ना. आणि पुढच्या महिन्यात एका संस्थेसाठी शिफारसपत्र हवं होतं. ते त्याच मॅडमकडून.

शेवटी एका शनिवारी गेलो. लॅपटॉप उघडूनच आत शिरलो, म्हणजे पळवाट नको. कच्चं चित्र, फिल्टरचं चित्र, आणि माझं ते खोट्या भोकाचं चित्र, तिन्ही दाखवली. स्पर्धेचे प्रमुख सरही तिथंच बसलेले निघाले, हे माझं नशीब. मॅडम काही बोलल्या नाहीत, तेच तिसरं चित्र परत परत बघत होत्या. सर म्हणाले, "मग आता काय, बक्षीस परत?" मी म्हणालो, हो सर. सर म्हणाले, "मोजमाप खोटं नाही. जाळी तू खरंच मोजलीस. खालचं वाक्य खोटं आहे. पण बक्षीस त्या वाक्याला मिळालं होतं."

तेव्हा तिसऱ्या आलेल्या सिव्हिलच्या मुली दुसऱ्या झाल्या. त्यांचं पोस्टर काँक्रीटच्या क्युरिंगवर होतं आणि त्यात तडे गेलेल्या ठोकळ्यांचे खरे फोटो होते, तडे न पुसलेले. दोन हजार उभे करणं हा वेगळाच प्रकल्प झाला. मिसळ अकरा जणांनी खाल्ली होती, सबब वर्गणी अकरा जणांनी द्यावी, असा ठराव मी मांडला. आठ जणांनी दिली. एक जण अजून म्हणतो की त्यानं जादा पाव घेतलाच नव्हता.

मॅडमनी पोस्टर काढू दिलं नाही. "राहू दे तिथंच, वाक्य बदल," म्हणाल्या. म्हणून ती पांढरी पट्टी. तिच्यावर लिहिलंय, 'अभ्रकाच्या पृष्ठभागाची जाळी, अंतर सुमारे ०.५२ नॅनोमीटर. चित्र फिल्टर केलेले आहे. सुटे अणू यात दिसत नाहीत.' कोणी वाचत नाही. सगळे खालचंच वाचतात. शिफारसपत्र मिळालं, पण त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, पाकीट बंद होतं.

राहता राहिले अण्णा. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. संक्रांतीला गेलो तेव्हा सांगितलं. तिळगूळ हातात होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, ट्रेची गोष्ट विशेष आवडली. मग विचारलं, "मग अभ्रकाचे खरे कुणी बघितले की नाही?"

बघितले आहेत. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात उलरिके डीबोल्ड यांच्या गटानं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं ते काम. अभ्रक निर्वात पेटीच्या आतच फोडला, म्हणजे हवा आणि पाणी लागायलाच नको. सगळं अतिथंड ठेवलं आणि सुई न टेकवता बघितलं. असल्या कामात हल्ली लिव्हरच्या जागी बहुधा क्वार्ट्झचा चिमटा असतो. याची कल्पना गीसिब्ल यांनी मनगटी घड्याळातल्या चिमट्यावरून काढली. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याची एक बाजू घट्ट बसवायची आणि दुसरीला सुई लावायची. हे ऐकल्यावर अण्णांनी ड्रॉवर उघडून बंद घड्याळातलं एक चिमुकलं चकचकीत नळकांडं काढून माझ्यापुढे ठेवलं. "हेच ना?" हेच.

"आणि दिसलं काय?"

मी लॅपटॉपवर त्यांचं चित्र दाखवलं. अभ्रकाचे पदर पोटॅशियमच्या आयनांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. पदर सोडवला की निम्मे आयन या बाजूला राहतात, निम्मे त्या बाजूला. म्हणजे वरच्या पृष्ठभागावर निम्म्या जागा भरलेल्या, निम्म्या रिकाम्या. कुठल्या भराव्यात? पूर्वी दोन तट होते, काहींच्या मते शिस्तीत ओळी असणार, काहींच्या मते वाटेल तशा विखुरलेल्या. चित्रात दोन्ही नाही. आयन शेजाऱ्याला बघून बसलेत. थोड्या अंतरापर्यंत रांग धरतात, मग वळतात, मग मोडतात. गणितातून असं निघालं, की खालच्या थरात सिलिकॉनच्या जागी अधूनमधून बसलेलं अ‍ॅल्युमिनियम वरच्यांना कुठं बसायचं ते सुचवत असतं.

अण्णांनी भिंग लावलं. एकदा त्या चित्राकडे बघितलं, एकदा लक्ष्मीशेजारच्या माझ्या फ्रेमकडे.

"हां," म्हणाले, "हा अभ्रक वाटतोय."

फ्रेम काढू का, मी विचारलं. "राहू दे की, पैसे पडलेत. गिऱ्हाइकाला अणू म्हणून सांगत होतो, आता नक्षी म्हणून सांगेन." मग डब्यातला एक पत्रा काढून त्यांनी नखानं कडेचा पदर सोडवला, दोन्ही तुकडे दिव्यापुढे धरले आणि आलटून पालटून बघायला लागले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. बाहेर एक बाई इस्त्री घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "शॉक देतीय हो ही." अण्णांनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि इस्त्री घ्यायला पुढे झाले.